आक्कांची चोरीला गेलेली मोटार

नोकरीतल्या बहुतेक केसेस आठवायच्या तर मला आता जुन्या डायऱ्या काढाव्या लागतात. ही एक मात्र डायरी न उघडता शब्दाला शब्द आठवते. हिच्यात खून नाही, दरोडा नाही, पाठलाग तर अजिबात नाही. एक पांढरी मोटार आहे, आणि ती ज्या बाईंच्या मालकीची होती त्यांना मोटारीचं दार कुठून उघडतात हेही ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा निपाणी भागातल्या एका ठाण्यात पीएसआय होतो. आता निवृत्त होऊन बेळगावात टिळकवाडीत राहतो, सकाळी फिरायला जातो आणि गुडघे किती दुखतात ते भेटेल त्याला सांगतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. यातली काही माणसं अजून बाजारात भेटतात आणि नमस्कारही करतात, तो मला गमवायचा नाही.

ठाण्याची सकाळ ठरलेली असते. हजेरी, रात्रपाळीचा चार्ज, स्टेशन डायरीत नोंद, कोर्टात कोण जाणार, समन्स बजावायला कोण जाणार याची वाटणी. ते चाललेलं असताना कुबडी टेकत साठीच्या एक बाई आत आल्या. उजवा पाय लहानपणापासून पोलिओनं गेलेला. अंगावर धुऊन धुऊन विटलेलं लुगडं, पण पदर नीट. हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"सायेब, माझी मोटार चोरीला गेली," त्या म्हणाल्या.

"कुठली मोटार, आक्का?"

"ते काय ठावं न्हाय."

"रंग कसला?"

"बघिटलीच न्हाय कवा."

"म्हणजे तुमची मोटार, आणि तुम्ही ती कधी बघितलीच नाही?"

"व्हय की. म्हणून तर आलोय."

माझ्या शेजारी बसलेले हवालदार तोंडावर रुमाल धरून बाहेर निघून गेले. मलाही हसू आवरेना. मग आक्कांनी पिशवीतून सरकारी कचेरीतून मिळालेला एक छापील कागद काढला आणि सगळं सांगितलं.

आक्का विड्या वळत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दिवसभर पानं कातरून, तंबाखू भरून जे हातात पडे त्यात तेल-मीठ आणि खोलीचं भाडं निघे. पोटाला आधार दोनच, रेशनचा तांदूळ आणि अपंगांची पेन्शन. दोन महिन्यांपूर्वी रेशन दुकानदारानं सांगितलं, कार्ड बंद झालंय. त्याच महिन्यात पेन्शनही थांबली. आक्का कुबडी टेकत सरकारी कचेरीत गेल्या. तिथं कॉम्प्युटरवर बघून कारकुनानं सांगितलं की तुमच्या नावावर चारचाकी गाडी आहे, आणि गाडीवाल्याला गरिबाचं कार्ड मिळत नाही. आक्कांनी काउंटर सोडला नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, "गाडी नाही म्हणताय ना, मग चोरीला गेली असेल. पोलिसात जा."

आक्कांनी ते मनावर घेतलं. त्यांचं म्हणणं असं, "सरकार खोटं कशाला बोलंल? माझ्या नावावर हाय म्हंत्यात, म्हंजे हाय. माझ्यापाशी न्हाय, म्हंजे कुणीतरी नेली. तेवढी हुडकून द्या सायेब. मला काय करायची हाय? गाडी त्यास्नी परत करतो आन् माझा तांदूळ घेतो."

आज वाटतं, त्या दिवशी ठाण्यात नीट विचार करणारं माणूस एकच होतं. मी मात्र त्यांना चहा पाजला, "कचेरीची चूक असणार, तिथंच अर्ज द्या," असं सांगितलं आणि वाटेला लावलं. चार दिवसांनी त्या परत आल्या. मी बंदोबस्तात होतो, हवालदारांनी परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला आल्या त्या सूप घेऊनच. सुपात पानं, तंबाखू, दोऱ्याची रीळ. बाहेरच्या बाकावर बसल्या आणि विड्या वळायला लागल्या.

"आक्का, हे ठाणं आहे," हवालदार म्हणाले.

"ठावं हाय. पर रोज मोडून तुमच्याकडं किती खेपा घालू? हितंच बसतो. गाडी घावली की हाक मारा."

संशयिताला बोलता करण्यासाठी तासन्‌तास न बोलता बसून राहायचं, ही युक्ती आम्ही वापरतो. माझ्यावर ती पहिल्यांदाच कुणी वापरली. दुपारपर्यंत मला लाज वाटायला लागली. मी त्यांच्या कागदावरचा गाडीचा नंबर घेऊन आरटीओत फोन लावला. त्या नंबरची गाडी खरंच होती. सात जणांची, पांढरी, सहा महिन्यांपूर्वी घेतलेली, आणि मालकीण म्हणून आक्कांचं नाव, पत्ता, फोटो. मोबाईल नंबर मात्र बंद.

खोटं बोलणारा माणूस तपशील भरमसाट देतो, असं मी नव्या पोरांना शिकवत असे. इथं तपशील काहीच नव्हता, तरी मी त्यांना वेडं ठरवून मोकळा झालो होतो. चुकलंच माझं. त्याच दिवशी त्यांचा जबाब लिहून घेतला, फसवणूक आणि बनावट कागदपत्रांचा गुन्हा नोंदवला आणि घर बघायला स्वतः गेलो. त्यांचा बोळ इतका अरुंद की मोटारसायकलसुद्धा तोंडालाच लावून ठेवावी लागते. त्या बोळात राहणाऱ्या बाईच्या नावावर सात जणांची मोटार होती.

गाडी शोधायची तर हाती नंबर तेवढा होता. आजूबाजूच्या ठाण्यांना नंबर कळवला, नाक्यांवर कळवला. दोन-तीन दिवस काही नाही. मग आमचे तेच हवालदार, पहिल्या दिवशी रुमाल तोंडावर धरणारे, माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सायेब, ही गाडी मी बघिटलीया. दोन दिस मनात घोळत हुतं, आज आठवलं."

"कुठं?"

"आमच्या अण्णांच्या वखारीत." अण्णा म्हणजे तंबाखूचे एक बडे व्यापारी. "नंबर ध्येनात ऱ्हायला कारण त्यांच्या दारात चार गाड्या हाईत, तीन एमएच, आणि ही एकच केए. मला तवाच वाटलं, अण्णा आणि कर्नाटकचा नंबर?"

सीमेवर न राहणाऱ्या वाचकाला यातली गोम कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं कर्नाटकात नव्या गाडीवर एकदाच जो टॅक्स भरावा लागतो, तो पलीकडच्या महाराष्ट्रापेक्षा बराच जास्त. कोगनोळीचा नाका ओलांडला की पलीकडं कागल. मग निपाणीतला माणूस काय करतो? गाडी घेतो कागल-कोल्हापुरात, नोंदवतो मेव्हण्याच्या नाहीतर मावशीच्या पत्त्यावर, आणि एमएच नंबर लावून आयुष्यभर निपाणीत फिरवतो. डिझेल मात्र आमच्याकडं स्वस्त असलं की पलीकडच्या गाड्या आमच्या पंपावर रांग लावतात. ज्याला जिथं टॅक्स कमी, तिथं त्याचं प्रेम जास्त. इथं राहून बाहेरच्या नंबरची गाडी ठराविक मुदतीपेक्षा जास्त फिरवणं नियमानं चुकीचंच, पण या गोष्टीला आमच्या भागात कुणी गुन्हा म्हणत नाही, व्यवहार म्हणतात. हवालदारांचा मुद्दा बिनतोड होता. ज्या माणसानं तीन गाड्यांचा टॅक्स कर्नाटकाला दिला नाही, त्यानं चौथीचाच का दिला?

दिलाच नव्हता. आरटीओतून कागद मागवले तेव्हा उलगडलं. अपंग माणसानं स्वतःच्या नावावर गाडी घेतली तर खरेदीच्या करात सवलत मिळते आणि रस्त्याचा टॅक्सही माफ होतो. ही चांगली सोय आहे. ज्याला बसमध्ये चढता येत नाही त्याला स्वतःची गाडी परवडावी, यासाठी सरकारनं आपला पैसा सोडलेला. आक्कांचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट जोडून कुणीतरी ती सगळी सवलत घेतली होती. कागलच्या मेव्हण्याच्या पत्त्यापेक्षाही स्वस्त पत्ता सापडला होता, आक्कांचा पाय.

अण्णांना ठाण्यात बोलावलं. स्वच्छ पांढरे कपडे, कपाळाला गंध, बोलणं मऊ. मी म्हटलं, "या अण्णा, बसा. ती पांढरी गाडी कुणाची?"

"आमच्या ओळखीच्या आक्काची हाय, सायेब. बिचारीला चालवाय येत न्हाय. नुसती पडून सडंल म्हणून मी सांभाळतोय. तिचं बी नड-अडीला आम्हीच बघतो."

"म्हणजे चांगली ओळख आहे?"

"घरच्यागत हाय की!"

असला माणूस आवाज चढवून हलत नाही. त्याचा वकील तासाभरात येतो आणि आपण तोंडघशी पडतो. मी आधीच महिला कॉन्स्टेबलला सांगून बाहेरच्या बाकावर तीन बायका बसवल्या होत्या. एक आक्का, दुसरी शेळी हरवल्याची तक्रार द्यायला आलेली, तिसरी पासपोर्टच्या चौकशीसाठी. आक्कांची कुबडी मात्र काढून शेळीवाल्या बाईंशेजारी भिंतीला लावली होती. मी अण्णांना दाराशी नेलं.

"एवढं सांगा, यातल्या तुमच्या घरच्या आक्का कोण?"

अण्णांची नजर तिघींवरून फिरली, कुबडीवर थांबली. चेहरा खुलला. "ही काय!" म्हणून त्यांनी शेळीवालीला नमस्कार केला.

त्या बाई लगेच उठून म्हणाल्या, "घावली का वं शेळी?"

ठाणं हसलं ते हसलंच. लॉकअपमधला एक जण गजाला धरून हसत होता. आक्का मात्र हसल्या नाहीत. त्या अण्णांकडं नीट बघत होत्या. आपली मोटार कुणापाशी होती ते त्यांना आज कळत होतं.

खोलीत परत आल्यावर अण्णांचा मऊपणा गेला. घाम पुसत ते म्हणाले, "बरं, चुकलं. पर सायेब, एकट्या माझ्यावरच का? हितं सरळ गाडी हाय कुणाची? तुमची बी एमएच-नऊच हाय की, कागलच्या पत्त्यावरची. मी काय आंधळा हाय? आन् टॅक्स भरून काय हुतंय? रस्ते बघिटल्यासा न्हवं?"

खरं होतं ते. माझी गाडी मेव्हण्याच्या पत्त्यावर घेतलेली होती, एमएच नंबरची. घेतली तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नव्हतं, उलट वाचलेल्या पैशात बायकोला बांगड्या केल्या म्हणून मी खूश होतो. हवालदार खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचीही तशीच असणार.

"माझं मी बघतो, अण्णा," मी म्हटलं. "आधी तुमचा जबाब." जबाब पुरा झाला, गाडीचा पंचनामा झाला, आणि गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहिली. पण त्या रात्री घरी मला भाकरी गोड लागली नाही, हेही सांगून टाकतो.

कारण माझे वडील तंबाखूच्या अशाच एका वखारीत पोती उचलत. आम्ही चार भावंडं. मी सातवीपासून समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात राहिलो. दोन वेळचं जेवण, वर्षाला दोन जोड कपडे, वह्या, आणि परीक्षेच्या दिवसांत जादा कंदील. ते सगळं फुकट होतं असं मी उभा जन्म म्हणत आलो. फुकट कसलं? कुणीतरी गाडीचा, तेलाचा, तंबाखूचा टॅक्स भरला होता म्हणून माझ्या ताटात भात पडला होता. आणि माझी पाळी आली तेव्हा मी नाका ओलांडून कागलला गेलो.

अण्णांनी एजंटाचं नाव दिलं. बेळगावच्या खडेबाजारात त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान होतं. छापा टाकला तर कपाटात कापडी पिशवी सापडली, तीत अनेक अपंगांची सर्टिफिकेटं, आधारच्या प्रती, फोटो, अंगठे घेतलेले कोरे कागद. वर्षभरापूर्वी यानं गावोगाव फिरून सांगितलं होतं की सरकार तीनचाकी स्कूटर देणार आहे, कागद द्या. आक्कांनीही दिले. स्कूटर येईल म्हणून त्यांनी बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या शेजाऱ्याकडं जागासुद्धा मागून ठेवली होती.

एजंट पस्तिशीचा, शिकलेला, चुणचुणीत. दोन तास उडवाउडवी केली. मी पिशवीतला एकेक फोटो टेबलावर मांडत गेलो आणि विचारत गेलो, याला काय मिळालं, हिला काय मिळालं. विसाव्या फोटोला तो बोलला.

"सायेब, खरं सांगू? ही सवलत ह्यांच्या काय कामाची हुती? मोटार घ्यायला पैसा कुठाय ह्यांच्यापाशी? कागद नुसता पेटीत पडून हुता. मी वापरला. कुणाचं काय गेलं?"

"हिचा तांदूळ गेला," मी आक्कांच्या फोटोवर बोट ठेवलं.

तो खरोखर चकित झाला. गाडी नावावर लागली की कार्ड कापलं जातं हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला वाटलं होतं आपण फक्त सरकारला बुडवतोय, आणि सरकार म्हणजे कुणीच नाही.

केस इथं संपली असं मी धरलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली, बाकीच्या अपंगांच्या गाड्या हुडकायला पथकं गेली. तिसऱ्या दिवशी आक्का आल्या. आवारातली मोटार त्यांनी सगळ्या बाजूंनी फिरून बघितली, काचेतून आत डोकावल्या, मग माझ्या खोलीत आल्या.

"गाडी तर घावली, सायेब. तांदूळ कवा घावनार?"

मी कचेरीत फोन केला. तिथले साहेब सज्जन होते. कन्नडमध्ये म्हणाले, "सार, मला सगळं कळतं, पण कॉम्प्युटर ऐकत नाही. गाडी अजून बाईंच्याच नावावर आहे. नाव निघालं की कार्ड आपोआप सुरू होईल." आरटीओत विचारलं तर कळलं, सवलतीत घेतलेली गाडी काही वर्षं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, करायची तर माफ झालेला सगळा कर दंडासह भरावा लागतो. आणि गाडी मुद्देमाल, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय तिच्या कागदाला हात लावायचा नाही. थोडक्यात, चोरानं आक्कांचं कार्ड बंद पाडलं, आणि आता मी ते बंदच ठेवत होतो.

मला तेव्हा एक गोष्ट कळली, ती पोलीस ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितली नव्हती. अपंगाला कर माफ करणारा नियम चांगल्या मनानं केलेला. गाडीवाल्यानं गरिबाचा तांदूळ खाऊ नये हा नियमही चांगल्याच मनानं केलेला. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण एक बाई दोन्हींच्या मधे सापडली, आणि तिच्याकडं बघायचं काम कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

ठाण्यातल्या पोरांनी आपसात वर्गणी काढून पंचवीस किलो तांदूळ आणला. आक्कांनी पोत्याला हात लावला नाही. "पोरांनो, देव तुमचं भलं करू दे. पर मी भीक मागाय न्हाय आलो. माझं हाय ते मला द्या." मग त्याच पोरांनी दर दोन दिवसांनी त्यांना जेवायला डबा द्यायचा ठराव केला, तो मात्र त्यांनी घेतला. कारण त्या बदल्यात त्या ठाण्यातल्या कुंड्यांना पाणी घालत. फुकट काही घ्यायचं नाही ही त्यांची रीत. ठाण्यातली जास्वंद त्या पावसाळ्यात जशी फुलली तशी नंतर कधी फुलली नाही.

मी कागदांच्या मागं लागलो. कोर्टात अर्ज, सरकारी वकिलांना गळ, कचेरीला पत्र, पत्राची आठवण, आठवणीची आठवण. चोर पकडायला मला दहा दिवस लागले होते, कागद पकडायला साडेतीन महिने लागले. कोर्टानं परवानगी दिली. अण्णांनी माफ झालेला सगळा कर दंडासकट भरला. त्यांच्या वकिलानं सांगितलं असणार की भरलात तर पुढं बरं पडेल. खटला पुढं चालला, एजंटाला शिक्षा झाली, अण्णांना जबर दंड. ज्या दिवशी आरटीओत आक्कांच्या नावावरून गाडी उतरली, त्या दिवशी मी स्वतः खिडकीशी हजर होतो. तिथंच मी माझाही अर्ज पुढं केला, महाराष्ट्राचा नंबर काढून कर्नाटकचा टॅक्स भरण्याचा.

कारकून म्हणाला, "सायेब, चुकून दिलासा काय?"

"नाही. चुकून तिकडं घेतली होती, आता इकडं भरतोय."

रक्कम सांगत नाही. बायकोनं दोन दिवस अबोला धरला, मेव्हणा तर अजून टोमणे मारतो की आमच्या पत्त्यात काय वाईट होतं. हवालदारांनी आठवड्याभरानं विचारलं, "सायेब, कुठल्या खिडकीला भरायचं असतंय ते?" मी कुणाला उपदेश केला नाही. करण्याचा हक्कही नव्हता.

पेन्शन आणि कार्ड दोन्ही सुरू झाल्याचं कळलं तसा वाटपाच्या दिवशी मी साध्या कपड्यांत रेशन दुकानावर गेलो. उगीचच, बघायला. आक्का रांगेत होत्या. पाळी आली, त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा. परत ठेवला, परत लाल. उभा जन्म विड्या वळून अंगठ्यावरच्या रेघाच पुसट झालेल्या. मी रांगेच्या कडेकडेनं यंत्राजवळ सरकलो. दुकानदारानं फडकं ओलं करून त्यांचा अंगठा पुसला, म्हणाला, "आक्का, दाबून धरा वाईच." चौथ्या वेळी हिरवा दिवा लागला आणि यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत.

तांदळाची पिशवी खांद्याला अडकवून आक्का माझ्याकडं आल्या.

"सायेब, त्या अण्णानं टॅक्स भरला म्हंत्यात. खरं का?"

"भरला. दंडासकट."

"त्यो पैसा जातोय कुठं?"

"सरकारात. तिथनं मग शाळा, दवाखाने, रस्ते, तुमची पेन्शन. हा तांदूळसुद्धा."

आक्कांनी पिशवीत हात घातला, मूठभर तांदूळ काढून उन्हात धरला आणि निरखून बघितला.

"म्हंजे ह्यात त्येचं बी चार दाणं असत्याल?"

"असतील की."

त्यांनी मूठ परत पिशवीत रिकामी केली, तळहाताला चिकटलेला शेवटचा दाणासुद्धा बोटानं आत लोटला.

"मग सांगा त्येला, तांदूळ बरा हाय म्हनावं. असाच भरत जा म्हनावं."

निरोप मी दुसऱ्याच दिवशी पोचवला.